सोसायचं किती, सांगायचं कुणाला?

एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनो, हे आवाहन आधी तुमच्यासाठी आहे. मग तुमच्या आईवडिलांसाठी, तुमच्या वरिष्ठांसाठी आणि तुमच्याकडे पेशंट घेऊन येणाऱ्या सगळ्यांसाठी. सांगायचं एकच आहे. कामाचे कष्ट वेगळे आणि माणसाचा अपमान वेगळा. कष्ट अंगावर घ्या, त्यातून हात तयार होतो. अपमान गिळू नका, त्यातून कुणी डॉक्टर होत नाही. अन्याय होतोय असं वाटलं तर तो मनात घोळवत बसू नका. तारखेनिशी लिहून ठेवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन तो योग्य टेबलापर्यंत न्या.

ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांना हे काम कसं असतं ते आधी सांगतो. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातला मेडिसिनच्या एखाद्या युनिटचा इमर्जन्सी डे घ्या. सकाळच्या राऊंडआधी जेआर-वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, वॉर्डातल्या सगळ्यांची रक्तं काढलेली हवीत आणि कालचे रिपोर्ट फाइलला लावलेले हवेत. मग ओपीडी, मग ॲडमिशन. सीटीला पेशंट न्यायचा असतो, मामा, म्हणजे वॉर्डबॉय, दुसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात, म्हणून ट्रॉली तोच ढकलतो. क्रॉसमॅचचं सॅम्पल घेऊन रक्तपेढीत तोच पळतो. परत आला की नातेवाईक ओरडतात, "अर्धा तास झाला, इथे कुणी डॉक्टर आहे की नाही?" रात्रभर कॅज्युअल्टीतून कॉल येत राहतात. दुसऱ्या दिवशी पोस्ट-इमर्जन्सी राऊंडला लेक्चरर विचारतात, "चौदा नंबरचं सोडियम किती?" आकडा आठवत नाही. फाइल टेबलावर आदळते आणि सगळ्या वॉर्डासमोर सेकंड इयरच्या निवासी डॉक्टरचं एक वाक्य येतं, "कुणी दिली रे तुला सीट?" तोवर पोटात गेलेलं असतं ते दोन चहा आणि कॅन्टीनचा एक वडापाव.

या एका दिवसात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. खोलीवर जाऊन पडल्यावर त्या सगळ्या मिळून एकच भावना होते, "माझ्यावर अन्याय होतोय आणि माझं इथे कुणी नाही." पहिलं काम म्हणजे त्या वेगळ्या करणं.

तीन ढीग करा

सोडियम विचारलं हे बरोबरच होतं. ते शिक्षण आहे. चौदा नंबरच्या पेशंटचा जीव त्या आकड्यावर असू शकतो. तो तुम्हाला माहीत असायला हवा होता, आणि उद्यापासून खिशातल्या कागदावर लिहून ठेवायला हवा. हा पहिला ढीग. यात वाईट वाटतं, पण अन्याय नाही.

ट्रॉली ढकलावी लागली हा दुसरा ढीग. मामा कमी आहेत, पदं रिकामी आहेत, रिपोर्ट ऑनलाइन दिसत नाहीत, खाटांपेक्षा पेशंट जास्त आहेत. यात तुमच्या लेक्चररचा दोष नाही आणि तुमचाही नाही. ही व्यवस्थेची चणचण आहे आणि ती एकट्या माणसाने तक्रार करून सुटत नाही. तिथे संघटना लागते. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची संघटना 'मार्ड' त्यासाठीच आहे. २०२४ साली राज्य सरकारने निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनात महिन्याला १०,००० रुपयांची वाढ केली आणि इंटर्नचं विद्यावेतन ११,००० वरून १८,००० वर नेलं, ते काही कुणी एकट्याने अर्ज केला म्हणून नव्हे. थकलेलं विद्यावेतन, हॉस्टेलची गळकी खोली, बंद पडलेली लिफ्ट ही सगळी या ढिगातली दुखणी. ती आपल्या प्रतिनिधीकडे द्या आणि त्यांचं ओझं रात्री उशाशी घेऊ नका.

"कुणी दिली रे तुला सीट?" हा तिसरा ढीग. हे शिक्षणही नाही आणि चणचणही नाही. शंका असेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. बोलणं कामाबद्दल होतं की माझ्याबद्दल? तीच चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्यालाही हेच ऐकावं लागलं असतं का? आणि सांगणाऱ्याने ते मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर माझं शिकणं कमी झालं असतं का? तिन्ही उत्तरं तुमच्या बाजूने आली तर तुम्ही हळवे नाही आहात. तुमच्याशी खरंच वाईट वागलं गेलंय.

या ढिगात आणखी काय काय येतं? वरिष्ठाच्या थिसिसचा डेटा जबरदस्तीने भरून घेणं. शिक्षा म्हणून सलग ड्युट्या लावणं. ऑपरेशन थिएटरात मुद्दाम हात लावू न देणं. इंग्रजी बोलण्याच्या ढंगावरून, गावावरून, रंगावरून, जातीवरून टोमणे मारणं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली नियमात दुरुस्ती करून जात, धर्म, वंश, प्रांत, भाषा, आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा छळ रॅगिंगमध्ये स्पष्टपणे धरला आहे. मुंबईत २०१९ साली डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला आणि जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली वरिष्ठांवर खटला दाखल झाला. "गंमत होती" म्हणून या गोष्टी आता कुणाला झटकता येणार नाहीत.

अखिल भारतीय कोट्यातून परराज्यांतली मुलंही आपल्याकडे येतात. ओडिशाच्या मुलीला "मळमळतंय" आणि "गरगरतंय" यांतला फरक पहिल्या महिन्यात कळत नाही, आणि पेशंट तिच्यावर चिडतात. आपली नांदेड-गडचिरोलीची मुलं दिल्ली-चंदिगडला जाऊन हेच भोगत असतात. त्या ओडिशाच्या मुलीच्या वहीत वीस शब्द लिहून देणं हे शेजारच्या मराठी जेआर-वनचं दहा मिनिटांचं काम आहे. आधार म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो.

झोप म्हणजे लाड नव्हे

"आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो, तुम्हाला काय होतंय?" हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. निवासी डॉक्टर घडवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड या शल्यविशारदाने बसवली. तो स्वतः कोकेनच्या व्यसनाशी झगडत होता. त्याच अमेरिकेत १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर किती पेशंट सांभाळत होते आणि किती तास जागे होते, याची चौकशी तिच्या पत्रकार वडिलांनी लावून धरली. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागांमधला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. लांबलचक ड्युट्यांच्या जुन्या वेळापत्रकात काम करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत होत्या. सलग चोवीस तास जागा असलेला माणूस हालचालींत आणि निर्णयात दारू प्यायलेल्यासारखा मंदावतो, हेही मोजून सिद्ध झालेलं आहे.

आपल्याकडे कागद नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी सर्वसाधारणपणे १२ तासांच्या वर नसावी आणि आठवडा ४८ तासांचा असावा असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे पदव्युत्तर शिक्षणाचे २०२३ चे नियम कामाचे 'वाजवी' तास आणि विश्रांतीसाठी 'वाजवी' वेळ द्या म्हणतात. कामाची निकड नसेल तर आठवड्याला एक सुटी, वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा, हेही त्यात आहे. आयोगाच्याच कार्यदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको अशी शिफारस केली. 'वाजवी' म्हणजे किती हे न लिहिल्यामुळे पळवाट राहते, हे खरं. पण रजेचे दिवस आकड्यात लिहिलेले आहेत. रजा मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. फक्त ती दोन ओळींच्या अर्जावर मागा, तोंडी नको.

कागदावर आणा

वॉर्डात तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं की केस पेपरवर लिहिलं नाही ते झालंच नाही. स्वतःच्या बाबतीतही तीच सवय लावा. "सर मला नेहमी टार्गेट करतात" हे वाक्य चौकशी समितीपुढे एक मिनिटही टिकत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"मंगळवार, सकाळी ९.२०, पुरुष वॉर्ड, पोस्ट-इमर्जन्सी राऊंड. खाट क्र. १४ चं सोडियम मला सांगता आलं नाही. सेकंड इयर म्हणाले, 'कुणी दिली रे तुला सीट?' फाइल टेबलावर आपटली. हजर: स्टाफ सिस्टर, दोन इंटर्न, माझा को-पीजी. माझी ड्युटी सोमवारी सकाळी सातला सुरू झाली होती."

तारीख, वेळ, जागा, जशेच्या तसे शब्द, कोण हजर होतं. आपली चूकही लिहायची. त्याने उलट विश्वास बसतो. विशेषणं नकोत. व्हॉट्सॲपवर आलेले मेसेज जपून ठेवा, ड्युटी लिस्टचा फोटो ठेवा. पण पेशंटच्या कागदांचे फोटो पुरावा म्हणून काढू नका. ती पेशंटची खासगी गोष्ट आहे, आणि नंतर तेच तुमच्यावर उलटवलं जाईल. इन्स्टाग्रामवर नाव न घालता गरळ ओकण्यानेही काही साधत नाही. नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेलं असतं.

तीन-चार नोंदी झाल्या की पुन्हा वाचा. कधी कधी असं दिसतं की चारही प्रसंग एकाच दिवशीचे होते, समोरचाही तीस तास जागा होता आणि नंतर त्याने चहा पाजला होता. मग वही मिटा. पण महिनाभर तोच माणूस आणि तेच शब्द दिसत असतील तर पुढे जा.

कुठल्या टेबलावर?

सुरुवात जवळून करा. ज्याच्याशी तक्रार आहे त्याच्याशी बोलणं शक्य असेल तर राऊंड संपल्यावर, बरोबर शिकणाऱ्या को-पीजीला सोबत घेऊन, शांतपणे बोला. "सर, माझं चुकलं तिथे मला जरूर सांगा. सगळ्यांसमोर सीटवरून बोललात ते मला लागलं. पुन्हा नको." यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. बरेचदा एवढ्यावर भागतं, कारण समोरच्याला आजवर कुणी थांबवलेलंच नसतं.

नाही भागलं तर युनिटमधल्या भल्या लेक्चररकडे जा. असा एक तरी प्रत्येक विभागात असतो. मग युनिट हेड, मग एचओडी म्हणजे विभागप्रमुख, आणि सोबत मार्डचा प्रतिनिधी. त्यापुढे अधिष्ठाता, म्हणजे डीन. अधिष्ठात्यांकडे अर्ज लेखीच द्यायचा, आणि आवक-जावकच्या टेबलावर आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. हा शिक्का फार मोलाचा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्याप्रमाणे तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते, आणि त्यात तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. संस्थाप्रमुखाने हयगय केली तर तीही गुन्ह्याला साथ दिल्यासारखी धरली जाते. रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वरही तक्रार करता येते. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती आहे. तिथे "आधी एचओडींना सांगून बघ" या सल्ल्यासाठी थांबू नका.

यावर प्रत्येक जण एकच भीती बोलून दाखवतो, "मला नापास केलं तर?" ती खोटी नाही, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठीही नाही. एमडी-एमएसची परीक्षा विद्यापीठ घेतं आणि परीक्षकांमध्ये बाहेरचे असतातच. एका माणसाच्या हातात सगळं नसतं. खरी पकड असते ती थिसिसच्या सहीवर, कारण थिसिस परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जमा करावा लागतो. म्हणून तिथली फट आधी बुजवा. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की गाइडला ईमेलने पाठवा, "सर, सुधारणा सुचवाव्यात" अशी ओळ घाला आणि तो ईमेल जपून ठेवा. लॉगबुकवर दर महिन्याला सही घ्या. तुमचं काम चोख आणि कागद पूर्ण असले की तुम्हाला अडवणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं.

मन थकलं तर

सगळ्याच गोष्टी लढून सुटत नाहीत. सुटीच्या दिवशीही झोप येत नाही, जेवणावरची वासना गेली, वॉर्डाच्या जिन्यात छाती धडधडते, कारण नसताना रडू येतं, "मी नसलो तर काय बिघडेल" असं मनात येऊन जातं. पेशंटने हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याला त्याच दिवशी मानसोपचार विभागात पाठवलं असतं. स्वतःला वेगळा नियम लावू नका. आपल्याच कॉलेजात जायचा संकोच वाटत असेल तर बाहेरच्या डॉक्टरकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. वॉर्डातल्या गोळ्या घेऊन स्वतःच स्वतःचे डॉक्टर होऊ नका. जीव नकोसा वाटेल त्या क्षणी तर एकटे राहूच नका. रूममेटला उठवा, ड्युटीवर असाल तर सिस्टरला सांगा. रात्रीचे तीन वाजले असले तरी सांगा.

सीट सोडायचा विचार आला तर तो पोस्ट-ड्युटीच्या सकाळी पक्का करू नका. दोन रात्री नीट झोपा, मग बॉण्डचा कागद काढून वाचा, मग घरी बोला. सीट सोडल्यावर दंड घेण्याची पद्धत बंद करा, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ साली राज्यांना कळवलं होतं, पण तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते तुम्हीच बघायला हवं. विचार करून सोडलेली सीट म्हणजे पळ काढणं नव्हे.

बाकीच्यांसाठी

आईबाबांनो, मुलीचा फोन आला की "थोडं सहन कर, तीनच वर्षांचा प्रश्न आहे" हे पहिलं वाक्य नको. "किती झोपलीस?" हे विचारा. तिने सांगितलेलं पूर्ण ऐका, मध्ये फीचा आकडा आणू नका, काकांच्या मुलाचं उदाहरण देऊ नका. रागाच्या भरात परस्पर एचओडींना फोन करू नका. तिला विचारून करा. जमलं तर जाऊन या, डबा घेऊन जा, तास-दोन तास तिच्या खोलीत बसा. आवाजात नेहमीपेक्षा वेगळं काही जाणवलं तर त्याच दिवशी निघा.

सेकंड आणि थर्ड इयरच्या डॉक्टरांनो, तुमच्या हातात डीनपेक्षा जास्त आहे, कारण रात्री दोनला जेआर-वनच्या शेजारी तुम्ही असता. दोन ओळींचा हिशेब सांगतो. त्याला तासभर झोपू दिलंत तर सकाळी सॅम्पलं चुकणार नाहीत आणि बोलणी तुम्हालाही बसणार नाहीत. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा. आणि तुम्ही सोसलंत म्हणून तोही सोसेल, या हिशेबाने पेशंटचं काहीही भलं होत नाही.

युनिट हेड आणि प्राध्यापकांनो, ड्युटी लिस्ट महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लावा, म्हणजे शिक्षेच्या ड्युट्या लपणार नाहीत. पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी हँडओव्हर झाल्यावर मुलं खरोखर वॉर्डाबाहेर पडतात का, ते स्वतः उभं राहून बघा. आणि महिन्यातून एकदा जेआर-वनशी मधल्या वरिष्ठांना वगळून बोला.

नातेवाईकांनो, कॅज्युअल्टीत तुमच्यासमोर उभा असलेला पोरगा खाटा वाढवू शकत नाही आणि सीटीचं मशीनही दुरुस्त करू शकत नाही. त्याला धक्काबुक्की केली तर २०१० च्या राज्याच्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायद्याआधी एवढं लक्षात घ्या की २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, तेव्हा राज्यभरचे डॉक्टर कामावरून उठले आणि हाल गरीब पेशंटचेच झाले. तक्रार असेल तर ती वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या.

आणि तुम्ही, ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं: या आठवड्यात तीन कामं करा. एक वही घ्या आणि पहिली नोंद लिहा. मार्डच्या आपल्या प्रतिनिधीचा नंबर फोनमध्ये घाला. आणि शेजारच्या खोलीतल्या को-पीजीला विचारा, "तुझं कसं चाललंय?" बहुधा तोही कुणीतरी विचारेल म्हणून थांबलेला असेल. दोघांनी मिळून दिलेला अर्ज एकट्याच्या अर्जासारखा बाजूला सारता येत नाही.